चिंधीचा रंग

बंदूक चालविण्याचे भाग्य मला आयुष्यात फारसे लाभले नाही. बंदूक पुसण्याचे मात्र पुष्कळ लाभले. कॉलेजात असताना, म्हणजे १९८५ च्या सुमारास, मी राष्ट्रीय छात्रसेनेत होतो. वर्षातून एक-दोनदा आम्हांस चांदमारीस नेत आणि प्रत्येकास मोजून पाच गोळ्या झाडावयास देत. परंतु त्या पाच गोळ्यांचे प्रायश्चित्त म्हणूनच की काय, पुढचे कित्येक रविवार बंदुका पुसण्यात जात. दोरीच्या एका टोकाच्या फासात फ्लॅनेलची चिंधी अडकवावी, दुसऱ्या टोकाचे पितळी वजन नळीत सोडावे, आणि ते पलीकडून बाहेर आले की दोरी एका दमात ओढून काढावी, असा तो विधी असे. चिंधी बाहेर आली की आमचे हवालदारसाहेब ती दोन बोटांत धरून उन्हात न्याहाळीत. पांढरी असेल तर सुटका; काळी असेल तर पुन्हा ओढा.

आमच्या कोठारात सात नंबरची आणि अकरा नंबरची अशा दोन बंदुका शेजारीशेजारी उभ्या असत. दिसण्यात त्या जुळ्या बहिणी होत्या. परंतु सात नंबरची चौथ्या चिंधीला पांढरी शुभ्र होई आणि अकरा नंबरची विसाव्या चिंधीलाही काजळ ओकत राही. ही अकरा नंबरची माझ्या वाट्याला आली होती. तिच्या नळीत गंज चढून बारीक खळगे पडले असतील आणि त्या खळग्यांत मळ दडून बसत असेल, हा विचार त्या वेळी ना मला सुचला ना हवालदारसाहेबांना. मी कामचुकार आहे असा निकाल लागला, आणि ती बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या घालण्याची शिक्षा मी अनेकदा भोगली. सात नंबरवाला माझा मित्र मात्र मेहनती म्हणून नावाजला गेला. वस्तुतः तो माझ्याहूनही आळशी होता.

या फेऱ्या मी आजतागायत विसरलो नाही. अशा गोष्टी मी विसरत नाही, हा माझ्या स्वभावाचा विशेष आहे. आणि या निबंधात पुढे त्याचाच संबंध यावयाचा आहे, म्हणून तो येथेच नमूद करून ठेवतो.

गेल्या वर्षी एका परिसंवादाच्या निमित्ताने मी अमेरिकेस गेलो होतो. माझा पुतण्या तेथून मोटारीने दोन तासांच्या अंतरावर राहतो. तो एंजिनियर आहे, आणि नेमबाजी हा त्याचा छंद आहे. त्याच्या घरी जाण्याचे मी या ना त्या सबबीवर टाळीत आलो होतो. का, तेही पुढे येईलच. परंतु या खेपेस तो स्वतः मोटार घेऊन सभागृहाच्या दाराशी येऊन उभा राहिला. आता नाही म्हणणे हा उघड उघड उद्धटपणा झाला असता.

दुसऱ्या दिवशी तो मला आपल्या क्लबाच्या मैदानावर घेऊन गेला. तेथे चालणारा नेमबाजीचा प्रकार मी पूर्वी पाहिला नव्हता. आपल्याकडे २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळविल्यापासून घरोघरी ठाऊक झालेली जी नेमबाजी, तीत माणूस उभा राहून, गुडघा टेकून आणि पालथा पडून बंदूक झाडतो; म्हणजे बंदुकीइतकीच माणसाच्या देहाचीही परीक्षा असते. येथे तसे नाही. बंदूक एका भक्कम बाकावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवतात, आणि शंभर किंवा दोनशे यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या अशा मारावयाच्या की शक्य तर पाचांचे मिळून एकच भोक पडावे. माणसाचा थरथरता हात शक्य तितका वजा केला की उरते ती बंदूक. आणि त्यातही मुख्यतः तिची नळी. म्हणून ही मंडळी नळीसाठी पाण्यासारखा पैसा खर्च करतात. कारखान्यातून आलेल्या बंदुकीची नळी काढून टाकून तिच्या जागी नामांकित कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतलेली नळी बसवितात.

पुतण्याजवळ एकाच मापाच्या दोन बंदुका होत्या. एकीची नळी कारखान्यातून आली तशीच होती. दुसरीची कारागिराकडून करवून घेतलेली होती. दोहोंतून प्रत्येकी वीस गोळ्या झाडून झाल्यावर तो घरी येऊन त्या साफ करावयास बसला, आणि माझ्यातील जुना छात्रसैनिक जागा होऊन खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला.

आमच्या वेळची दोरी त्याच्याजवळ नव्हती. त्याऐवजी गुळगुळीत लेप दिलेला एक लांब गज होता. काडतुसाच्या बाजूने एक मार्गदर्शक नळकांडे बसवून त्यातून तो गज आत जाई, म्हणजे वाटेत कोठे घासू नये. चिंधी एका द्रावणात भिजवून त्याने प्रथम कारागिराच्या नळीतून फिरविली. अमोनियाचा उग्र दर्प खोलीभर पसरला. पहिली चिंधी काळी आली, तो दारूचा धूर. दुसरी करडी आली. तिसरीवर निळ्या रंगाची पुसट झाक दिसली. पाचवी जवळजवळ पांढरी. मग त्याने दुसरी नळी घेतली. येथेही पहिल्या दोन चिंध्या काळ्या आल्या. परंतु तिसरीपासून जो निळा रंग सुरू झाला तो मोरपिसासारखा गडद. तो थांबून द्रावणाला मुरू देई, नायलॉनचा ब्रश फिरवी, पुन्हा चिंधी घाली. पितळेच्या जातीचा ब्रश या द्रावणात वापरला तर ब्रशाचेच तांबे विरघळून चिंधी निळी होते आणि नसलेला मळही दिसू लागतो, असे त्याने सांगितले. मी चिंध्या मोजीत होतो. पंचविसावी चिंधीही निळीच होती.

पुतण्याने पहिल्या नळीची पांढरी चिंधी उचलून माझ्यापुढे धरली आणि हसत म्हणाला, "काका, ही नळी आमच्या बाबांसारखी आहे. दिवसभर कितीही गोळ्या झाडा, संध्याकाळी पुन्हा कोरी."

दुसऱ्या नळीविषयी तो काही बोलला नाही. तो सुसंस्कृत मुलगा आहे.

अडचणीच्या प्रसंगी प्राध्यापकाला एक आश्रयस्थान असते, ते म्हणजे प्रश्न. मी ताबडतोब विचारले, "दोन्हीही पोलादाच्याच, दोन्हींत गोळ्याही तितक्याच. मग हा फरक का?" आणि त्याने जे सांगितले ते इतके मनोरंजक होते की मी थोडा वेळ स्वतःला विसरलो.

त्या दोन्ही नळ्यांचे आतील छिद्र ०.३०० इंच व्यासाचे होते. छिद्राच्या अंगावर मळसूत्री खोबणी कोरलेल्या असतात. त्यांत अडकून गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. खोबणींच्या तळाशी मोजले तर व्यास ०.३०८ इंच भरतो. म्हणजे खोबणीची खोली इंचाचा अवघा अडीचशेवा भाग, आपल्या लिहिण्याच्या कागदाच्या जाडीएवढी. गोळीच्या शिशावर तांब्याचे आवरण असते. शंभरांत सुमारे पंचाण्णव भाग तांबे आणि उरलेले जस्त. हे मऊ आवरण सेकंदाला अडीच हजार फुटांहून अधिक वेगाने पोलादावर घासत जाते. पोलादाच्या पृष्ठभागावर हत्याराचे ओरखडे राहिले असतील, तर प्रत्येक ओरखडा कानशीच्या दातासारखे काम करतो आणि तांब्याचा थोडा कीस स्वतःजवळ ठेवून घेतो. पुढच्या गोळीचे तांबे त्या तांब्याला चिकटते. चिंधीवर दिसणारा निळा रंग तो या तांब्याचा.

आता हे ओरखडे येतात कोठून? भरीव गजात प्रथम लांब छिद्र पाडतात, मग ते फिरत्या हत्याराने नेमक्या मापाचे करतात. हे हत्यार गोल फिरत असल्यामुळे त्याचे ओरखडे आडवे, म्हणजे गोळीच्या वाटेला आडवे जाणारे, पडतात. नंतर खोबणी पाडावयाच्या. त्याचे मार्ग तीन. अतिशय कठीण धातूची खोबणीदार गुंडी दाबाने छिद्रातून एकदाच ओढावयाची. किंवा आत साचा ठेवून नळीला बाहेरून घणांनी ठोकून काढावयाचे. किंवा जुन्या पद्धतीने एक लहानसे पाते पुनःपुन्हा फिरवून खोबण कोरावयाची. या तिसऱ्या पद्धतीत पाते एका खेपेस इंचाच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास धातू काढते. तेव्हा एक नळी पुरी व्हावयास शेकडो खेपा लागतात. तिन्ही मार्गांनी उत्तम नळ्या होतात आणि तिन्हींनी वाईटही होतात. कारखान्याच्या सर्वच नळ्या खडबडीत असतात असेही नाही. खरा भेद पडतो तो यानंतरच्या कामात, आणि ते काम म्हणजे घोटणे.

नळी घोटण्याची रीत अशी. एका गजाच्या टोकाशी, त्याच नळीच्या आत, वितळलेले शिसे ओततात. ते थिजले की त्या नळीच्या खोबणींत तंतोतंत बसणारा शिशाचा दट्ट्या तयार होतो. एका नळीचा दट्ट्या दुसरीच्या कामाचा नाही. त्याला तेल आणि कुरुंदासारखी अत्यंत बारीक कठीण पूड लावून कारागीर तो हाताने मागेपुढे फिरवितो. कोठे नळी आवळ आहे, कोठे सैल आहे, हे त्याच्या मनगटाला समजते. आवळ जागी तो अधिक फेऱ्या देतो, सैल जागी हात आवरता घेतो. हळूहळू आडवे ओरखडे झिजून जातात आणि त्यांच्या जागी लांबीच्या दिशेने, गोळीच्या वाटेबरोबर जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा उरतात. दट्ट्या जेथे बाहेर डोकावतो ती दोन्ही टोके थोडी फाकतात, म्हणून नळी मुळातच लांब ठेवलेली असते आणि शेवटी ती टोके कापून टाकतात. अमेरिकेतील हॅरी पोप नावाचा कारागीर, जो १८६१ साली जन्मला आणि १९५० साली वारला, अशाच नळ्यांसाठी ख्याती पावला. त्याच्या नळ्या मुख्यतः नुसत्या शिशाच्या गोळ्यांसाठी असत; पण कला तीच.

एवढे केल्यावरही काम संपत नाही. काडतूस बसावयाचे घर आणि त्यापुढचा नळीचा गळा नंतर वेगळा कापावा लागतो, आणि बहुधा तो दुसरा कारागीर कापतो. तेथे पुन्हा आडवे ओरखडे आलेच. उत्तमोत्तम नळीही सुरुवातीस निळी चिंधी देते ती या गळ्यामुळे. पहिल्या काही गोळ्यांनी गळा आपोआप घासला जातो, आणि मग नळी कुलशीलाला साजेशी वागू लागते.

मी विचारले, "मग ही दुसरी नळी खूप घासून, चांगली रगडून गुळगुळीत का करीत नाहीस?" माझ्या प्रश्नात अकरा नंबरच्या बंदुकीचा जुना सूड होता हे मी कबूल करतो.

त्याने मान हलविली. म्हणाला, "काका, बंदुका गोळ्यांनी जितक्या बिघडतात त्याहून जास्त साफ करण्यानं बिघडतात, असं आमच्यात म्हणतात." वेडावाकडा घातलेला गज गळ्यावर आणि तोंडाशी घासतो. तोंडाची कड तर अशी नाजूक की तेथे जराशी इजा झाली तरी बाहेर पडणारी गोळी एका बाजूला झुकते. म्हणून खडबडीत नळीचे दुर्दैव दुहेरी: मळ तिच्यातच अधिक साचतो, आणि तो काढण्यासाठी मारही तिलाच अधिक खावा लागतो. शिवाय अगदी कोऱ्या केलेल्या नळीतून सुटणारी पहिली गोळी बहुधा इतरांच्या जोडीला पडत नाही. नळी थोडी मळावी लागते, मगच ती स्थिरावते. खेळाडू स्पर्धेपूर्वी एक-दोन गोळ्या मुद्दाम वाया घालवितात त्या यासाठी. आता नळीत सोडावयाचे सूक्ष्म कॅमेरे स्वस्त झाल्यापासून पुष्कळ लोकांची झोप उडाली आहे, असेही तो म्हणाला. काल उत्तम नेम देणारी नळी आतून पाहिली की तीत तांबे दिसते, आणि मग माणूस ती घासून घासून खराब करतो.

मला माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनातील काही विद्यार्थी आठवले, परंतु तो विषय वेगळा आहे. त्या रात्री मला झोप आली नाही ती दुसऱ्याच कारणाने.

पुतण्याचे वडील म्हणजे माझा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी वाईच्या आमच्या वडिलोपार्जित घराची वाटणी झाली. घराच्या डागडुजीस काय खर्च आला त्याचा हिशेब मी मागितला. चार नातेवाइकांसमोर दादा हसून म्हणाला, "घे बाबा. हिशेबही घे आणि घरही घे." लोक हसले. दादाच्या लेखी तो विषय तेथेच संपला. अर्ध्या तासाने तो मला चहा घेतोस का म्हणून विचारीत होता. माझ्या लेखी तो आजवर संपला नव्हता. ते हसणे माझ्या मनाला चिकटले, आणि पुढे दादाने जे जे केले ते त्याच्यावर थर होऊन बसले. दर वर्षी मे महिन्यात त्याच्याकडून आंब्याची पेटी येई. मला ती टोमण्यासारखी वाटे. पेटी ठेवून घेतली जाई, पोहोच माझी पत्नी कळवी. मी एकदाही फोन केला नाही.

दादाच्या या विसरभोळ्या मनाची मी आजवर दोन प्रकारे संभावना करीत आलो होतो. माझी मनःस्थिती बरी नसली म्हणजे मी म्हणत असे, की त्याच्या मनाला खोलीच नाही, त्यात राहणार काय? मनःस्थिती बरी असली म्हणजे म्हणत असे, की त्याचा स्वभावच गोड आहे. दोन्ही शब्दांत एक सोय होती. माणसाचा चांगुलपणा स्वभावाच्या खात्यावर टाकला की त्याचे श्रेय त्याला देण्याचे कारण उरत नाही.

परंतु नळी जन्मतः गुळगुळीत नसते, हे मी त्या दिवशी शिकलो होतो. दोन्ही नळ्या एकाच जातीच्या पोलादाच्या गजापासून होतात. दोहोंना आडवे ओरखडे पडतात. एक घोटली जाते, एक जात नाही, इतकेच. मग दादाला कोणी घोटले? आमचे वडील वारले तेव्हा दादा अठरा वर्षांचा होता. त्याने शिक्षण सोडले आणि एका कचेरीत खिडकीमागे नोकरी धरली. तेथे तो चौतीस वर्षे बसला. खिडकीसमोर उभा असलेला प्रत्येक माणूस रांगेत तिष्ठून चिडलेला असतो, आणि कचेरीचा सारा राग तो खिडकीतल्या माणसावर काढतो. दिवसाला पन्नास माणसांचा राग दादा घरी घेऊन येई आणि उंबरठ्याबाहेर ठेवून आत येई. हे त्याला पहिल्या दिवसापासून जमले नसेल. मला पुसटसे आठवते, पहिल्या एक-दोन वर्षांत तो रात्री जेवत नसे, आईशीही बोलत नसे. पुढे ते थांबले. मी त्या वेळी परीक्षेचा अभ्यास करीत होतो. त्याचे काय चालले आहे हे पाहावयास मला वेळ नव्हता. माझी फी त्या खिडकीतून येत होती.

म्हणजे कुरुंदाची पूड त्याने सोसली आणि पदवी मला मिळाली. मला लवकर आणि कमी खर्चात तयार करण्यात आले. तेल-पुडीचे ते कंटाळवाणे काम माझ्या वाट्याला आलेच नाही. मला दुखविले की कोणीतरी माझी समजूत घालीत असे, बहुधा दादाच. घासण्याने सर्वच माणसे गुळगुळीत होतात असे मी म्हणत नाही. तीच पूड आंधळ्या हाताने वापरली तर नळी सैल होऊन वाया जाते, आणि तशी माणसेही मी पाहिली आहेत. आवळ कोठे, सैल कोठे, हे ओळखणारा हात लागतो. तो हात दादाचा स्वतःचाच होता, आणि हे त्याचे कर्तृत्व मी पन्नास वर्षे स्वभाव म्हणून मोजीत आलो होतो.

छात्रसेनेतल्या फेऱ्यांचे मला इतके दुःख का वाटत राहिले, तेही त्या रात्री नीट उमगले. बंदुकीचा दोष माझ्या माथी मारला गेला, ही माझी तक्रार होती. परंतु सात नंबरच्या बंदुकीचे श्रेय माझ्या आळशी मित्राला मिळाले, ही तक्रार तिच्याहून मोठी होती. आणि दादाच्या बाबतीत नेमके उलट मी केले होते. माणसाचे श्रेय मी पोलादाला देऊन टाकले होते.

तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. म्हणजे वाईला सकाळ झाली होती. मी चार वाक्ये मनात जुळवून ठेवली आणि फोन लावला. नऊ वर्षांनी बोलावयाचे, तेव्हा वाक्ये चांगली असावीत एवढी दक्षता घेणे माझ्या पेशाला धरूनच होते.

"कोण? तू होय!" दादा म्हणाला. "अरे, तिकडे थंडी फार असते म्हणतात. स्वेटर नेलास ना?"

मी नेला आहे म्हणून सांगितले. मग घराच्या मागच्या चिंचेची फांदी वाऱ्याने मोडली, पाण्याच्या टाकीला गळती लागली, अशा गोष्टी तो बोलत राहिला. माझ्या चार वाक्यांना बाहेर पडण्यास जागा मिळाली नाही. शेवटी मी एवढेच म्हणालो, "दादा, आंबे दर वर्षी चांगले निघतात हं." तो म्हणाला, "निघणारच. मी स्वतः निवडतो."

सकाळी उठून बैठकीत आलो तेव्हा पुतण्या कालच्या त्या कारखानी नळीपाशी बसला होता. रात्रभर राहिले तरी पोलादाला अपाय करीत नाही असे दुसरे सौम्य द्रावण त्याने तीत सोडून ठेवले होते. त्याने चिंधी ओढून काढली आणि उजेडात धरली. ती पांढरी नव्हती. फिकट निळी होती; परंतु कालच्या मोरपिसाशी तिची तुलना होऊ शकत नव्हती.

मी विचारले, "आणखी एक घालतोस का?"

"नको, काका," तो गज पुसून ठेवीत म्हणाला, "एवढ्यावर ती नीट चालते."